तुम्ही येथे आहात

सहा घड्यांचं माहितीपत्रक, दोन्ही बाजूंनी छापलेलं,
काउंटरवर फुकट.
अकरा वर्षं मी ते वाटते आहे
एस्टोनियातल्या या दलदलीच्या दाराशी,
हातमोजे न काढता, मान वर न करता.

आता ते बोलकं करायचं आहे.
तार्तूच्या कचेरीतून पत्र आलं:
चित्र न् चित्र शब्दांत सांगा. नकाशासुद्धा.

पहिल्या चित्रासाठी मी लिहिलं,
"विलोभनीय दलदल. नजर ठरत नाही."
आदूने ऐकून घेतलं.
आदू काल्यूसार, वय बासष्ट, जन्मापासून दिसत नाही,
पियानोंच्या तारा जुळवत चाळीस वर्षं गावोगाव हिंडलेला.
म्हणाला, "तुझी नजर ठरत नाही, कळलं.
दलदलीचं काय?"

खोडलं. पुन्हा लिहिलं,
"वरून दिसणारी तळी, शंभरेक, काळी, वेड्यावाकड्या काठांची."
"वरून म्हणजे कुठून?"
ड्रोनमधून.
"मग तसं सांग की. मी आपला फळ्यांच्या वाटेवर उभा,
आणि तू मला न विचारता आभाळात नेऊन ठेवलंस."

काळी म्हणजे कशी, यावर दुपार गेली.
कोऱ्या चहासारखी, मी म्हटलं.
"चहा मी पितो, बघत नाही. पण चालेल.
गरम?"
नाही. निवलेला. कपाच्या तळाशी उरलेला.
हे राहिलं.
आणि सगळ्यात लहान तळं: पियानोच्या झाकणाएवढं.
त्याने टेबलावर दोन्ही हात पसरून
ते मापून घेतलं.

तिसऱ्या चित्रापाशी आम्ही दोन दिवस अडलो.
मी मोजत होते:
खुरटे पाइन सात,
डावीकडे कापूसगवत, पांढरे झुबके, एका अंगाला कललेले,
फळ्यांची वाट, आणि तिच्या पार टोकाशी
थांब,
कुणीतरी बसलंय.
पाठमोरं. एक बूट काढून शेजारी ठेवलेला.
अकरा वर्षं, आदू.
गठ्ठेच्या गठ्ठे माझ्या हातून गेले.

"एक बाई," मी लिहिलं.
"कशावरून?"
बसण्यावरून.
"बाया कशा बसतात?"
मला सांगता येईना.
"बूट का काढलाय?"
ते चित्रात नाही.
"मग नको लिहूस. बूट काढलाय, एवढंच राहू दे.
उरलेलं माझं मला करता येतं."

"आता पत्रक उलटा," असंही एक वाक्य होतं.
तो म्हणाला, माझ्या हातात फोन आहे. फोन उलटू?

ध्वनिमुद्रण कोटांच्या कपाटात केलं,
ओल्या लोकरीच्या वासात, गुडघ्यावर कागद धरून.
बाहेर क्रौंच ओरडला आणि वाक्य मधेच तुटलं.
मी पुन्हा म्हणणार होते.
कपाटाबाहेरून आदू ओरडला, असू दे गं,
त्याचं पण चित्र आहे ना पाचव्या घडीवर?

शेवटी नकाशा. लाल ठिपका, त्याला बाण,
चार भाषांत: तुम्ही येथे आहात.
हे कसं वाचायचं?
ऐकणारा कुठेही असेल,
बसमध्ये, नार्वाच्या एखाद्या स्वयंपाकघरात,
दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघत.
मी लिहिलं,
"नकाशाच्या खालच्या काठाजवळ एक लाल ठिपका आहे.
छापणाऱ्याच्या मते तुम्ही तिथे आहात."
कचेरी दुसरं वाक्य कापणार, हे दोघांनाही माहीत आहे.
आदू म्हणतो, कापू देत, पण आधी भांडू.

आज सकाळी एका प्रवाशाने पत्रक मागितलं.
दिलं, आणि कुणास ठाऊक का, विचारलं,
वाचून दाखवू?
तो गोंधळला. म्हणाला, मला दिसतं.
हो, मी म्हटलं. मलाही.